‘रिअल’ आणि त्याचे मराठी सोबती

इंग्रजींतील ‘रिअल’ हें विशेषण दिसतें तितकें साधें नाहीं. लॅटिनमध्यें ‘रेस’ म्हणजे वस्तु. हा शब्द त्याच कुळांतला. जी मिळकत हिरावली गेली असतां न्यायालय पैशाचा मोबदला न देववितां प्रत्यक्ष ती वस्तूच परत देववी, ती इंग्रजी कायद्यांत ‘रिअल’ ठरली. मराठीनें तिला ‘स्थावर’ म्हटलें. इंग्रजानें दाव्याकडे पाहिलें, मराठीनें जमिनीच्या न हलण्याकडे!

१८४७ सालीं कँडीचा इंग्रजी-मराठी कोश निघाला, तेव्हांपासून कोशकारांपुढें पेंच आहे. कारण मराठी माणूस आधीं विचारतो, कशाच्या उलट? खोट्याच्या उलट खरा, कल्पिताच्या उलट वास्तविक, नकलेच्या उलट अस्सल. ‘अस्सल’ अरबी ‘अस्ल’पासून आला, अस्ल म्हणजे मूळ. म्हणून धडधडीत लबाडीचा मजकूरही अस्सल कागदावर असूं शकतो आणि कचेरींत ‘खरी नक्कल’ मिळते, यांत विसंगति कांहींच नाहीं.

नात्यांत मात्र निराळाच शब्द पुढें येतो. भोकरदन तालुक्यांतील केदारखेडा हें गांव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. दरबारची भाषा आधीं फारसी, १८८४ पासून उर्दू, घरची मराठी. उर्दूंत ज्याला ‘हकीकी भाई’ म्हणावें, तो अशा घरांत ‘सख्खा भाऊ’. ‘हकीकी’चा सरळ अर्थ खरा, पण चुलत, मामे, मावस किंवा सावत्र भाऊ कांहीं खोटा नसतो! हिंदुस्थानांतील इंग्रजींत रुळलेला ‘रिअल ब्रदर’ याच वळणाचा आहे. इंग्लंडांत तो शब्द ऐकणारा बुचकळ्यांत पडेल. तेथें ‘फुल ब्रदर’ म्हणतात.

हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याचें १८ वें कलम असें, कीं नातें इतर सर्व बाबतींत सारखें असेल तर सख्ख्यास सावत्राआधीं वारसा मिळतो. बापाचीं दोन लग्नें झालेलीं, मृत भाऊ अविवाहित, जवळचा दुसरा वारस नाहीं. अशा वेळीं शेत कोणाचें हें त्या एका विशेषणावर ठरतें. अर्जांत ‘रिअल ब्रदर’ लिहिलें असलें, तरी दोघांची आई एकच होती काय, हें विचारावेंच लागतें.