फ्लोरिडातले दुपारचे ढग

मंडळी, फ्लोरिडाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पूर्वेला अटलांटिक, पश्चिमेला मेक्सिकोचं आखात, मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. उन्हाळ्यात ही जमीन तापली, की दोन्ही किनाऱ्यांवरून खारे वारे आत शिरतात. ते जिथे एकमेकांना भिडतात, तिथे दमट हवेला वर चढण्यावाचून वाट उरत नाही. दुपारचा गडगडाट बहुधा ठरलेलाच.

पण त्या ढगाच्या पोटात काय चालतं? विमानं वाढली, तसा हा प्रश्न वैमानिकांच्या जिवाशी येऊन भिडला. म्हणून १९४६ साली होरेस बायर्स यांच्या नेतृत्वाखाली ऑर्लँडोजवळ मोहीम निघाली. युद्धातली पी-६१ विमानं वेगवेगळ्या उंचींवरून मुद्दाम वादळात घातली गेली. पुढच्या वर्षी ओहायोत तेच.

१९४९च्या अहवालात उत्तर आलं. ढगाला आयुष्य असतं! आधी हवा नुसती वर चढते. मग पाऊस सुरू होतो आणि त्याच्यासोबत गार हवा खाली कोसळते. शेवटी तीच हवा ढगाची रसद तोडते. एका ढगाचा सगळा खेळ साधारण तासाभराचा.

आणि ती कोसळलेली गार हवा शेजारी नवा ढगही उभा करते. म्हणून ‘दुपारी गडगडाट होईल’ हे सकाळी सांगता येतं. कुणाच्या छपरावर, हे सांगणं आजही अवघडच.