धबधब्याकांठचें शहर

औद्योगिक शहराचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे लेखणीस एक सोपी वाट सांपडते. कोणी साहसी परदेशी आला, त्यानें कारखाना काढला आणि ओसाड जागीं नगर उभें राहिलें! फिनलंडमधील टांपेरे शहराची कथा बहुधा याच रीतीनें सांगतात, व जेम्स फिन्लेसन हा स्कॉच यंत्रशिल्पी तिचा नायक होतो. परंतु ही कथा बारकाईनें पाहिल्यास तिच्यांतून निराळाच बोध निघतो.

दोन विस्तीर्ण सरोवरें, आणि त्यांच्या पातळींत सुमारें १८ मीटरांचें अंतर. वरच्या सरोवराचें पाणी खालच्यांत धांव घेतें, तोच टामेरकोस्कीचा प्रवाह. त्याच्या कांठीं स्वीडनचा राजा तिसरा गुस्टाव्ह यानें १७७९ सालीं हें शहर वसविलें. पण राजाज्ञेनें शहर वसतें, वाढतेंच असें नाहीं. चाळीस वर्षें लोटलीं तरी टांपेरे खेड्याहून फारसें मोठें झालें नव्हतें. दरम्यान १८०९ मध्यें फिनलंड स्वीडनकडून रशियाकडे गेला.

फिन्लेसन १८१७ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें आला. १८१९ मध्यें झार पहिला अलेक्झांडर यानें टांपेरेस भेट दिली, आणि १८२० मध्यें फिन्लेसननें तेथें यंत्रशाळा घातली. १८२१ सालीं झारनें शहरास कच्चा माल व यंत्रें जकातीवांचून आणण्याची सवलत दिली. ती १९०५ पर्यंत टिकली. इतकी अनुकूलता असूनही फिन्लेसनचा मूळ बेत फसला. त्याला कापडधंद्याचीं यंत्रें बनवावयाचीं होतीं; पण तीं घेण्यास पुरेसें गिऱ्हाईक नव्हतें. म्हणून तो स्वतःच सूत काढूं लागला; प्रथम लोंकरीचें आणि १८२८ पासून कापसाचें. १८३६ सालीं त्यानें सर्व कारखाना पीटर्सबर्गच्या राउख व नोटबेक यांस विकला, आणि पुढें तो स्कॉटलंडास परतला. तेथेंच १८५२ मध्यें तो निवर्तला.

म्हणजे गिरणीचा खरा भरभराटीचा काळ संस्थापक गेल्यानंतरचा. नव्या मालकांनीं १८३७ मध्यें सहा मजली इमारत उठविली, आणि शतकाच्या मध्यास हा कारखाना उत्तर युरोपच्या त्या देशांत सर्वांत मोठा गणला गेला. १८८२ सालीं त्याच्या विणकामाच्या दालनांत विजेचे दिवे लागले. १९०० च्या सुमारास शहराची वस्ती ३६,००० च्या घरांत गेली. या वैभवांत धबधब्याचें बळ, जकातीची माफी, पीटर्सबर्गचें भांडवल आणि रशियाची बाजारपेठ यांचा वांटा कोणीही नाकारणार नाहीं. फिन्लेसनचें श्रेय काय? त्या पाण्यांत दडलेली गिरणी त्यानें प्रथम ओळखली, हें. तें थोडें नव्हे. पण तेंच सर्वस्वही नव्हे.

ज्यांचें नांव कोणत्याच फलकावर चढलें नाहीं अशांचें काय? गिरणीच्या मजुरांत स्त्रिया व मुलें यांचाच भरणा मोठा होता. मालकांनीं शाळा काढली, इस्पितळ बांधलें, १८७९ मध्यें चर्चही उभारलें. या पालकत्वांत माया होती, तसा धाकही होता. येथल्याच एका मुकादमाची मुलगी मिन्ना कांट हिनें १८८५ सालीं ‘मजुराची बायको’ हें नाटक लिहून, विवाहित स्त्रीची मिळकत नवऱ्याच्या हातीं देणाऱ्या कायद्यावर कोरडे ओढले. १९०५ च्या सार्वत्रिक संपांत मजुरांचा लाल जाहीरनामा याच शहरांत वाचला गेला. आणि १९१८ च्या यादवींत लाल पक्षाच्या या ठाण्यासाठीं रस्त्यारस्त्यांतून रक्त सांडलें. ज्या गिरणीनें शहर वाढविलें, तिनेंच त्याला बोलावयासही शिकविलें.

विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील चरके थांबले. जुन्या इमारतींत आतां उपाहारगृहें, चित्रपटगृहें आणि मजुरांच्या इतिहासाचें एक संग्रहालय आहे. त्या आवारास अजून फिन्लेसनचेंच नांव आहे. पण त्यांतील चौक वैनो लिन्ना याच्या नांवें ओळखला जातो. हा त्याच गिरणींतला कामगार. गिरणीचें काम सांभाळून त्यानें लिहिलेली युद्धकादंबरी १९५४ सालीं प्रसिद्ध झाली आणि साऱ्या फिनलंडनें वाचली. संस्थापकाच्या नांवाशेजारीं कामगाराचें नांव कोरावयास शहरास शतकाहून अधिक काळ लागला. इतिहासलेखकानें तरी इतका विलंब लावूं नये.