दक्षिणेचा दावा : ओतूरचे एक लग्न आणि एकोणिसाव्या शतकातील धर्मवाद

एकोणिसाव्या शतकातील मराठी धर्मवादाचा इतिहास सांगताना आपण बहुधा मुंबई आणि पुणे या दोन शहरांतच फिरत राहतो. १८३१ साली मोरभट दांडेकर आणि डॉ. जॉन विल्सन यांच्यात झालेला वाद व त्यातून निघालेल्या पुस्तिका, १८५७ मधील विष्णुबुवा ब्रह्मचारी यांचे समुद्रकिनाऱ्यावरील वादविवाद, पुढे ‘निबंधमाले’तून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतीराव फुले यांच्यावर केलेली टीका, ही साखळी वाङ्मयेतिहासाच्या विद्यार्थ्याला पाठ असते. तिच्यातील एक दुवा मात्र जुन्नर तालुक्यातील ओतूर या गावी आहे. तो ग्रंथात सापडत नाही. तो कोर्टातील एका दाव्यात सापडतो.

ओतूर हे काही धर्माकडे पाठ फिरवलेले गाव नव्हे. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी तेथेच आहे. अशा गावात १८८४च्या सुमारास बाळाजी कुसाजी पाटील आणि त्यांच्या सोबत्यांनी सत्यशोधक पद्धतीने, ब्राह्मण पुरोहिताला न बोलावता, घरची लग्ने लावली. गावच्या जोशांनी त्यांच्यावर दावा लावला.

हा दावा समजण्यासाठी ग्रामजोशी म्हणजे काय, हे ध्यानात घेतले पाहिजे. ओतूर असो की पूर्वेकडील कोरडवाहू लोणी-धामणी, गावगाड्यात जोशीपण हे वतन होते. मुहूर्त सांगणे, लग्न लावणे आणि त्याबद्दल दक्षिणा घेणे हा वंशपरंपरेने चालत आलेला हक्क होता, आणि इंग्रजी न्यायालयांनीही त्याला मालमत्तेसारखे मानले होते. यजमानाने वतनदार जोशाला डावलून दुसऱ्या भिक्षुकाकडून कार्य उरकले, तर वतनदाराला त्याचा हक्क मागता येई. म्हणून ओतूरच्या जोशांचा प्रश्न त्यांच्या दृष्टीने पोटाचा आणि वतनाचा होता. आज आपण त्यांची बाजू सहज धुडकावून लावतो. पण वतनाच्या चौकटीत ती सुसंगत होती, हे मान्य केल्याशिवाय समोरच्यांच्या धाडसाचे मोल कळत नाही.

जोतीरावांनी हा जोशी फार पूर्वीच ओळखला होता. १८५५ साली लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ या नाटकात एक जोशी गरोदर कुणबी स्त्रीला ग्रहांची भीती घालून तिच्या घरचे किडूकमिडूक अनुष्ठानात खर्ची घालायला लावतो. हे नाटक ‘दक्षिणा प्राइज कमिटी’कडे गेले आणि नाकारले गेले. ज्या कमिटीचा उगमच पेशवाईतील ब्राह्मणांच्या दक्षिणेत होता, तिने दक्षिणेवरचे नाटक परत करावे, याहून बोलका प्रसंग दुसरा कोणता? ‘ब्राह्मणांचे कसब’ (१८६९) आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) यांत हाच जोशी गर्भाधानापासून उत्तरक्रियेपर्यंत शेतकऱ्याचा पाठलाग करतो. ओतूरच्या पाटलांनी तीस वर्षांच्या या लिखाणाचा एका मांडवात प्रयोग केला, असे आम्हांला म्हणावेसे वाटते.

येथे सतराव्या शतकातील इंग्लंडची आठवण होणे अपरिहार्य आहे. जॉर्ज फॉक्स यांच्या भोवती जमलेल्या क्वेकर मंडळींनीही पगारी धर्मगुरू नाकारला. त्यांच्यावर पुस्तिकांचा वर्षाव झाला. जॉन बन्यन यांचे पहिले पुस्तकच (१६५६) क्वेकरांविरुद्ध होते. एडवर्ड बरो या तरुण क्वेकराने त्याला उत्तर दिले, बन्यननी प्रत्युत्तर दिले आणि बरोनी पुन्हा लेखणी उचलली. परंतु क्वेकरांची खरी कसोटी छापखान्यात लागली नाही. चर्चचा दशांश कर नाकारल्याबद्दल त्यांची गुरेढोरे आणि भांडीकुंडी जप्त झाली, कित्येक तुरुंगात गेले. त्यांचे लग्न तर अगदी साधे: वधूवरांनी सभेसमोर उभे राहून स्वतःच्या तोंडाने वचन द्यायचे. १६६१ साली नॉटिंगहॅम येथे असे लग्न वैध की अवैध हा प्रश्न वारशाच्या खटल्यात उभा राहिला, आणि उभयतांची संमती हाच विवाहाचा प्राण, या तत्त्वावर ते ग्राह्य ठरले.

साम्य उघड आहे. भेद अधिक उद्बोधक आहे. क्वेकरांनी विधी टाकून मौन स्वीकारले. जोतीरावांनी विधीचा साचा ठेवला आणि आतला मजकूर बदलला. १८८७ साली त्यांनी मंगलाष्टकांसह सत्यशोधक पूजाविधीची पुस्तिका प्रसिद्ध केली. सत्यशोधक लग्ने १८७३ पासून लागत होती, ओतूरचा दावाही आधीच सुरू झाला होता. म्हणजे कृती आधी, पुस्तिका मागाहून. तिच्यात वधूवर परस्परांशी मराठीत बोलतात, आणि वधू स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते. आपले समीक्षक या पुस्तिकेकडे विधिसंग्रह म्हणून पाहतात आणि पुढे जातात. आमच्या मते ती त्या काळातील सर्वांत परिणामकारक वादपुस्तिका आहे. इतर पुस्तिका वाचकाला युक्तिवाद पुरवतात. ही त्याला उच्चारायचे शब्द पुरवते. न कळणाऱ्या संस्कृत मंत्राच्या जागी स्वतःला कळणारे वाक्य आले की पुरोहिताची गरज कोणी खोडून काढावी लागत नाही; ती गळून पडते.

ओतूरचा दावा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. ‘वामन जगन्नाथ जोशी विरुद्ध बाळाजी कुसाजी पाटील’ या नावाने तो ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’च्या मुंबई मालिकेतील १४व्या खंडात छापलेला आहे. जोशांचा दावा टिकला नाही. ज्याने पुरोहिताला बोलावलेच नाही, त्याच्याकडून पौरोहित्याचा मोबदला मागता येत नाही, हा त्यातून निघणारा अर्थ. तरीही या विजयाची मर्यादा विसरता कामा नये. जोशीवतन न्यायालयाने मोडले नाही. दुसरा भिक्षुक बोलावणाऱ्याच्या मानेवर ते राहिलेच. त्यासाठी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांच्यासारख्यांना झगडावे लागले आणि १९२६चा कायदा यावा लागला.

न्यायालयाने सत्यशोधकांचा धर्मविचार मान्य केला असेही नाही. त्याने हिशेब तपासला. पण धर्मवादात पुष्कळदा असेच घडते. जन्मश्रेष्ठत्वाचा प्रश्न विचारला असता तर कोणत्याही न्यायाधीशाने त्याला बगल दिली असती. दक्षिणेचा प्रश्न त्याला टाळता येईना. आपला वाङ्मयेतिहास वाद मोजतो तो पुस्तकांच्या संख्येने आणि लेखकांच्या नावांनी. ओतूरच्या शेतकऱ्यांनी पुस्तक लिहिले नाही. घरच्या मंगलकार्यावर कोर्टाची टांगती तलवार घेऊन त्यांनी वर्षे काढली, आणि जोतीरावांच्या ओळींना त्यांच्यामुळे किंमत आली. सत्यशोधक साहित्याचे वाचन शिकवताना जुन्नरच्या या दाव्याचा कागदही त्या साहित्याचा भाग म्हणून वाचला जावा, एवढेच आम्हांला सुचवायचे आहे.