डिस्चार्जनंतरचे सहा महिने

दर रविवारी मी गोवंडीत एका घरी जातो. दुपारीही ट्यूबलाइट लावावी लागते असं घर. तिथल्या ताईंना क्षय झालाय, हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळालाय, औषधं सहा महिने चालणार. माझं काम साधं: गोळ्यांची रिकामी पाकिटं बघायची, मळमळतंय का विचारायचं, तपासणीच्या तारखेची आठवण द्यायची. मी कोड लिहिणारा माणूस. पण या कामाचा इतिहास वाचला आणि थक्क झालो.

एकेकाळी क्षयाचा उपचार म्हणजे सॅनटोरियम. मिरज, पाचगणी, मोकळी हवा, सकस अन्न, महिनोन्‌महिने अंथरूण. पण खाटा मोजक्या आणि रुग्ण लाखो. म्हणून 1956 मध्ये मद्रासला एक प्रयोग सुरू झाला. गरीब वस्तीतल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एक सॅनटोरियममध्ये, दुसरा घरी. औषधं दोघांनाही तीच, वर्षभर. 1959 चा निकाल: दाटीवाटीत, निकस जेवणावर राहूनही घरचे रुग्ण जवळपास तितकेच बरे झाले. घरच्यांना लागणही जास्त झाली नाही. जगभरची सॅनटोरियम बंद होण्यात या निकालाचा मोठा वाटा आहे.

पण घरच्या गटाला वाऱ्यावर सोडलं नव्हतं. आरोग्यसेविका न सांगता घरी येत, उरलेल्या गोळ्या मोजत, लघवी तपासत. पुढे ‘घरी बरे होतात’ एवढंच लक्षात राहिलं. कुणीतरी घरी येत होतं, हे मागे पडलं.

1997 पासून ‘डॉट्स’ आलं. गोळी कुणाच्या तरी डोळ्यांदेखत घ्यायची. पण त्यासाठी बहुतेकदा रुग्णानेच केंद्रावर जायचं. रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा कोण भरून देणार? 2018 पासून सरकार आहारासाठी महिन्याला 500 रुपये देऊ लागलं, आता 1000 देतं. पैसे खात्यात येतात, पण मळमळ होते तेव्हा शेजारी कुणी नसतं.

तिसऱ्या महिन्यात ताई म्हणाल्या, “आता बरं वाटतंय की, दादा.” पाकिटात चार दिवसांच्या गोळ्या तशाच होत्या. अर्धवट सोडलेल्या उपचारातून औषधांना न जुमानणारा क्षय तयार होऊ शकतो, आणि मुंबईने तो भरपूर पाहिलाय. तरी मी ओरडलो नाही. कारण विचारलं. रिकाम्या पोटी गोळ्या घेऊन कामावर निघालं, की ट्रेनमध्ये उलटी व्हायची. तिथूनच आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना फोन लावला; त्यांनी गोळ्यांची वेळ बदलून दिली.

पुढच्या रविवारी सातही दिवसांची पाकिटं रिकामी होती. ताईंनी ती मी यायच्या आधीच टेबलावर मांडून ठेवली होती.