फड्या निवडुंगाचा उच्छेद

ज्या बागेकडे मालकाचें चार पावसाळे लक्ष नसतें, त्या बागेवर पांचव्या वर्षीं सत्ता कोणाची असते हें सांगावयास नको. हरळी वाफ्यांत शिरते, लव्हाळा गुलाबाच्या मुळांशीं ठाण मांडतो, घाणेरी कुंपण ओलांडून आंत येते आणि मोगऱ्याचें झुडूप शोधून काढावें लागतें. अशा वेळीं मनुष्याचा हात प्रथम कोयत्याकडे जातो, मग आगपेटीकडे, आणि हल्लीं विषाच्या बाटलीकडे. या तिन्ही उपायांत एक गोष्ट समान आहे: शत्रु कोण, कोठला, त्याचें बळ कशांत आहे याची चौकशी न करतां त्यावर घाव घालावयाचा. तणांच्या इतिहासांत जे मोठे विजय नमूद आहेत त्यांची परीक्षा केली, तर ते बहुधा ओळखीचे विजय आहेत असें दिसून येतें. उलटपक्षीं, ओळख चुकल्यामुळें शंभर शंभर वर्षे वाया गेल्याचींही उदाहरणें आहेत. या दोन्ही गोष्टी एकाच वनस्पतीच्या चरित्रांत पाहावयाच्या असतील, तर फड्या निवडुंगासारखें दुसरें उदाहरण नाहीं. आणि त्या चरित्राचा मोठा भाग आपल्याच देशांत घडला आहे.

निवडुंग हें नांव आपल्याकडे चिकाच्या तिधारी झाडालाही आहे, आणि तें झाड येथलेंच. परंतु नागानें फडा काढावा तशीं चपटीं, मांसल व कांटेरी अंगें असलेला जो फड्या निवडुंग, तो मूळचा अमेरिकेचा. तो खंड युरोपियनांना ठाऊक होण्यापूर्वीं आशियांत तो कोणीं पाहिला नव्हता. येथें येतांच मात्र तो असा रुळला कीं, जणूं पिढ्यान् पिढ्यांचा रहिवासी. शेताचें कुंपण, गांवची पांढर, पडीक गढ्या, ओसाड बागा सर्वत्र त्यानें व्यापल्या. पुण्याच्या नाना पेठेंत निवडुंग्या विठोबाचें देऊळ आहे. आषाढी वारीच्या वेळीं तुकाराममहाराजांची पालखी तेथें मुक्काम करते. मूर्ति निवडुंगाच्या जाळींत सांपडली म्हणून हें नांव पडलें अशी आख्यायिका आहे. देवाची ओळख जाळीवरून सांगावी, इतका निवडुंग एके काळीं लोकांच्या नित्य परिचयाचा होता.

या वनस्पतीच्या प्रसारांत एका तांबड्या रंगाचा मोठा वाटा आहे. मेक्सिको देशांत कोचिनील नांवाचा एक सूक्ष्म कीटक फड्या निवडुंगावर पाळीत असत. त्याची मादी वाळवून कुटली म्हणजे सुंदर किरमिजी रंग मिळतो. एक पौंड माल व्हावयास सुमारें सत्तर हजार कीटक लागतात. या रंगाला युरोपांत अपार मागणी होती आणि व्यापार सर्वस्वीं स्पेनच्या हातीं होता. १७७७ सालीं थिएरी द मेनोंव्हील या फ्रेंच गृहस्थानें जिवावर उदार होऊन ओआखाका प्रांतांतून हे कीटक चोरून आणले, यावरून त्यांचें मोल ध्यानांत येईल. आपणही हा रंग पिकवावा, असें ईस्ट इंडिया कंपनीला वाटूं लागलें. तिच्या मद्रासच्या नोकरींत डॉ. जेम्स अँडरसन नांवाचा उत्साही वैद्य होता. मद्रासेच्या गवतावर आपल्याला कोचिनीलच सांपडला आहे, असें त्यानें सर जोसेफ बँक्स यांस पत्रांवर पत्रें लिहून कळविलें, व १७८८ सालीं तीं पत्रें छापूनही काढलीं. तो कीटक अर्थात् निराळाच होता. परंतु अँडरसन खचला नाहीं. लंडनजवळील क्यू येथील राजोद्यानांतून निवडुंगाचीं रोपें मागवून त्यानें मद्रासेस खास निवडुंगाची बाग उभी केली. ज्या झाडाच्या नाशासाठीं पुढें सरकारें मेटाकुटीस आलीं, त्याचीं फडीं त्या बागेंत मोठ्या ममतेनें जोपासलीं जात होतीं!

खरा कीटक आला तो १७९५ सालीं. कॅप्टन नेल्सन नांवाच्या लष्करी अधिकाऱ्याचें जहाज ब्राझीलमधील रिओ द जानेरो बंदरांत थांबलें असतां त्यानें तेथील निवडुंगावरचे कीटक फडीसकट घेतले. लांबच्या प्रवासांतून जे थोडे जगले, ते त्यानें कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानांत नेऊन दिले. कंपनीला आनंद झाला. कीटक वाढले, वांटले गेले, बंगाल व मद्रास या दोन्ही इलाख्यांत पोहोंचले. परंतु रंग हलक्या प्रतीचा निघाला. कारण मेक्सिकोचा पाळीव कोचिनील हा नव्हेच. हा त्याचा रानटी भाऊबंद होता. दोहोंतील भेद त्या काळीं नीट उमगला नव्हता. व्यापार बुडाला आणि निवडुंगाच्या बागा ओसाड पडल्या.

येथें या कथेला अनपेक्षित वळण लागलें. रंगाच्या दृष्टीनें टाकाऊ ठरलेला हा कीटक निवडुंगाच्या दृष्टीनें मात्र काळ ठरला. मादीला पंख नसतात. एकदां ती फडीवर बसली कीं पांढऱ्या, कापसासारख्या मेणचट आवरणाखालीं राहून जन्मभर रस शोषते. तिचीं बारीक पिलें वाऱ्यानें पुढच्या झाडावर जातात. मायदेशीं या कीटकालाही खाणारे शत्रु असल्यामुळें त्याचा व निवडुंगाचा तोल राहतो. येथें ते शत्रु नव्हते. उत्तर व मध्य हिंदुस्थानांत एककंटकी निवडुंगाचीं रानेंच्या रानें पिवळीं पडून कुजलीं. तेव्हां १८३६ ते १८३८ च्या सुमारास हेंच काम करावें या हेतूनें तो कीटक दक्षिणेंत नेऊन सोडण्यांत आला, व पुढें १८६५ च्या सुमारास सिंहलद्वीपांतही. एका परदेशी तणाच्या नाशासाठीं कीटकाची बुद्ध्या योजना केल्याचीं जगांतील अगदीं आरंभींचीं उदाहरणें तीं हींच.

मग निवडुंगाचा प्रश्न तेव्हांच कां मिटला नाहीं? याचें उत्तर पुन्हां ओळखींतच आहे. लोक ज्याला सरसकट फड्या निवडुंग म्हणत, त्यांत एकाहून अधिक जाति होत्या. एककंटकी जाति गेली; परंतु पिवळसर, बळकट कांट्यांच्या दुसऱ्या जातीला हा कीटक शिवतसुद्धां नसे. दक्षिणेंत या दुसऱ्या जातीचें प्राबल्य होतें, आणि पहिली हटलेली जागा तिला मोकळीच मिळाली. पुढें जवळजवळ नव्वद वर्षे तिच्याशीं कोयता व कुदळ झुंजत राहिलीं. निवडुंग तोडला तर तुटलेली प्रत्येक फडी मातीला टेकतांच मूळ धरते. म्हणजे तोडणारा एका झाडाचीं दहा झाडें लावून घरीं जातो. जाळावा तर अंगांत पाणी भरलेलें. पुरावा तर खड्डे किती खणावयाचे? त्याच्या जाळींत साप, उंदीर व रानडुकरें यांची वस्ती, आणि कांट्यामुळें गुरांचीं तोंडें सोलून निघत. दुष्काळाच्या वर्षांत कांटे भाजून तींच फडीं गुरांना चारण्याचे प्रयोग दख्खनमध्यें झाले, हें खरें. तथापि गांवकऱ्याच्या दृष्टीनें तो निरुपायाचा चारा होता.

या दुसऱ्या जातीचा स्वतंत्र कीटक उत्तर अमेरिकेंत आहे, ही गोष्ट विसाव्या शतकांत सूक्ष्म अभ्यासानें निश्चित झाली. तो प्रथम सिंहलद्वीपांत आणला गेला व तेथून १९२६ सालीं मद्रास इलाख्यांत. कीटक लागलेली फडी तोडून निरोगी झुडपावर नेऊन टाकावयाची, एवढीच कृति. तीसुद्धां शेतकरी आपण होऊन करूं लागले. पांचसहा वर्षांत दक्षिण हिंदुस्थानांतील सुमारें एक लक्ष एकर जमीन मोकळी झाली. अँडरसनची बाग ज्या इलाख्यांत होती, त्याच इलाख्यांत सव्वाशे वर्षांनीं हा उच्छेद झाला. कोचिनीलची योग्य जाति निवडुंगाच्या योग्य जातीवर सोडली जावयास एवढा काळ जावा लागला.

हिंदुस्थानचा हा धडा ऑस्ट्रेलियानें घेतला. तेथेंही कथेचा आरंभ रिओ बंदरांतच होतो. १७८७ सालीं वसाहत करण्यास निघालेल्या कॅप्टन फिलिपनें त्याच बंदरांतून, त्याच रंगाच्या आशेनें, निवडुंग व कीटक नेले होते. मागाहून कुंपणासाठीं व शोभेसाठीं आणखी जाति गेल्या, आणि १९२५ च्या सुमारास सुमारें सहा कोटी एकर भूमि निवडुंगानें ग्रासली. सोमलाचीं जहाल विषें फवारूनही रान हटेना. कित्येक कुटुंबें शेतें व घरें सोडून निघून गेलीं. १९१२ ते १९१४ मध्यें क्वीन्सलंडच्या सरकारचे दोन तज्ज्ञ जगभर हिंडले. आपल्याकडे परिचित असलेला कोचिनील त्यांनीं तिकडे नेला व त्यानें एककंटकी जाति संपविली. मुख्य शत्रूसाठीं मात्र १९२५ सालीं अर्जेंटिनांतून एका पतंगाचीं सुमारें २,७५० अंडीं आणावीं लागलीं. त्याच्या अळ्या फडी आंतून पोखरतात. आठ वर्षांच्या आंत तीं अफाट रानें कोसळलीं. क्वीन्सलंडमधील बूनार्गा या गांवीं लोकांनीं १९३६ सालीं त्या पतंगाच्या नांवानें सभागृह बांधलें.

येथवरची हकीकत वाचून कीटक म्हणजे विनामूल्य राबणारा माळी आहे, अशी कोणाची समजूत झाली असेल, तर तिला आवर घालणारी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मादागास्कर बेटाच्या दक्षिण भागांत निवडुंग असाच बाहेरून आलेला; परंतु तेथील गुराखी लोकांनीं त्याला आपलासा केला होता. तो त्यांच्या गांवांचा तट होता, उन्हाळ्यांत गुरांचा चारा व पाणी होता, आणि फळांच्या रूपानें माणसांचें अन्न होता. १९२४ सालीं कोचिनील त्या बेटावर आणण्यांत आला. पुढील चारपांच वर्षांत दक्षिणेकडील निवडुंग नाहींसा झाला. पाठोपाठ अवर्षण आलें, तेव्हां गुरांना घालावयास कांहीं उरलें नव्हतें. गुरें मेलीं, माणसें मेलीं, व उरलेलीं देशोधडीस लागलीं. राजधानींत ज्याला तण म्हणत, तें त्या रानांत लोकांचें जीवन होतें. आणि निर्णय घेतांना त्यांना कोणीं विचारलें नव्हतें. ऑस्ट्रेलियाचा तारक झालेला पतंगही पुढें १९५७ सालीं वेस्ट इंडीज बेटांत सोडला गेला, व १९८९ मध्यें फ्लोरिडांत आढळला. तेथें तो मूळच्या, निरुपद्रवी निवडुंगांवर तुटून पडला, आणि ज्या मेक्सिकोंत निवडुंग हें खाद्य व पीक आहे त्यालाही त्याची धास्ती पडली. सोडलेला कीटक परत बोलावतां येत नाहीं. म्हणून तण ओळखणें म्हणजे केवळ त्याची जाति ओळखणें नव्हे. त्यावर कोणाकोणाचें पोट आहे हेंही त्या ओळखींत येतें.

हा धडा आपल्या दाराशींच पुन्हां गिरवावा लागला. १९५५ सालीं पुण्यांत गाजरगवत प्रथम लक्षांत आलें. तें अमेरिकन धान्याबरोबर आलें, अशी लोकांची समजूत आहे. थोड्याच वर्षांत तें देशभर पसरलें; त्यामुळें अंगाला खाज सुटते, कित्येकांना दमाही लागतो, आणि एक झाड हजारोंनीं बीं टाकतें. १९८३ सालीं मेक्सिकोहून त्याची पानें खाणारा भुंगेरा बंगलोरास आणून, त्याची परीक्षा करून, १९८४ पासून सोडण्यांत आला. पुढें तो सूर्यफुलाच्या पानांवर दिसतांच खळबळ उडाली व शासनाला चौकशी नेमावी लागली. अभ्यासाअंतीं असें निघालें कीं, सूर्यफुलाच्या पानांवर गाजरगवताचे परागकण पडल्यामुळें भुंगेरे तेथें तोंड लावीत. तें त्यांचें खरें अन्न नव्हे. भुंगेरा पावसाळ्यांत काम करतो व कोरड्या दिवसांत जमिनींत दडून बसतो. त्यामुळें त्यानें गाजरगवताचा जोर कमी केला, पण निःपात केला नाहीं. उरलेलें काम फुलावर येण्यापूर्वीं मुळासकट उपटणाऱ्या हातांनीं, आणि टाकळ्यासारख्या दाट वाढणाऱ्या देशी झुडपांनीं करावयाचें आहे.

घरच्या बागेंतील हरळी व लव्हाळा यांना असा कोणी कीटक-शत्रु मिळालेला नाहीं; परंतु त्यांनाही मर्म आहे, व तें आपल्या शेतकऱ्यांना पूर्वींपासून ठाऊक आहे. हरळीचा जीव तिच्या काशांत आणि लव्हाळ्याचा जमिनीखालच्या गांठींत असतो. वरचें हिरवें कापणें म्हणजे निवडुंग तोडण्यासारखेंच. म्हणून शेतकरी भर उन्हाळ्यांत खोल नांगरट करून काशा उघड्यावर आणतो, त्या वैशाखाच्या उन्हांत भाजूं देतो, आणि वेचून बांधावर टाकतो. दोन्ही तणांना सावली सोसत नाहीं. तेव्हां पावसाळ्याच्या तोंडीं मोकळ्या वाफ्यांत ताग दाट पेरला, तर उरलीसुरलीं मुळेंही क्षीण होतात. हें काम एका हंगामाचें नव्हे. लागोपाठ दोनतीन वर्षे तें करावें लागतें.

कलकत्त्याच्या उद्यानांत कॅप्टन नेल्सनच्या कीटकाकडे ज्यांनीं पाहिलें, त्यांना त्यांत फक्त रंग दिसला. निवडुंग तोडणाऱ्यांना फक्त कांटे दिसले. मादागास्करच्या अधिकाऱ्यांना फक्त तण दिसलें. आपली बाग कितीही लहान असली, तरी तिच्यांत पाऊल टाकणाऱ्यानें प्रथम एक रोप मुळासकट सावकाश उपटून पाहावें: तें बियांनीं वाढतें कीं गांठींनीं, उन्हांत फोफावतें कीं सावलींत, त्याच्यावर कोण बसतें, त्याला कोण खातें. कोयता त्यानंतर उचलावा.