संशयाचे धैर्य

इ.स. १८७८ मध्ये कलकत्त्यातील विद्वानांच्या सभेत वीस वर्षांची एक अविवाहित तरुणी संस्कृतात बोलण्यास उभी राहिली. भागवत तिला मुखोद्गत होते. विद्वान थक्क झाले आणि त्यांनी तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. त्या मानावर तिने पुढील आयुष्य सुखाने काढले असते, तर कोणी दोष दिला नसता. परंतु रमाबाई डोंगरे यांच्या मनाची घडण निराळी होती.

या घडणीचा आरंभ वडिलांपासून होतो. अनंतशास्त्री डोंगरे यांनी स्वतःच्या पत्नीस संस्कृत शिकविले आणि त्यापायी स्वजनांचा रोष पत्करला. सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. संस्कृतचे धडे त्यांना आईच्याच मुखातून मिळाले. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरले. दक्षिणेतील दुष्काळाने आई, वडील व थोरली बहीण यांना हिरावून नेले. व्रते, दाने, उपवास सारे यथासांग झाले होते, तरी देव धावून आला नाही. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री पायी उत्तरेकडे निघाले, तेव्हा अन्नाप्रमाणे श्रद्धेचीही शिदोरी सरत आली होती.

कलकत्त्यात केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेदग्रंथ ठेवला. स्त्रीस वेदाचा अधिकार नाही, ही शिकवण लहानपणापासून कानी पडलेली. तरी रमाबाईंनी तो वाचला. धर्मशास्त्रे वाचताना त्यांना असे आढळले की, इतर सर्व बाबतींत ग्रंथकारांचे मतभेद आहेत. स्त्रिया व शूद्र यांना हीन लेखण्यात मात्र त्यांचे एकमत आहे. १८८० साली बंधू वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८२ मध्ये पटकीने पतीही गेले. तान्ह्या मनोरमेस घेऊन त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणासाठी साक्ष दिली.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. महाराष्ट्रात संताप उसळला. स्वधर्मीयांनी त्यांना गमावले असे मानले, मिशनऱ्यांनी त्या आपल्या झाल्या असे मानले. दोघांचाही अंदाज चुकला.

दीक्षेनंतरही रमाबाईंचे प्रश्न थांबले नाहीत. त्रैक्याचा सिद्धांत बुद्धीस पटेना, तेव्हा त्यांनी तसे स्पष्ट कळविले. चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवू नये, असे हिंदुस्थानातील बिशपांनी सुचविताच, पुरुषांच्या सभांत आजवर आपण बोलत आलो आहोत, याची त्यांनी आठवण करून दिली. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या मार्गदर्शिका. एका धर्मगुरुवर्गाचे जोखड प्रयासाने उतरविले, ते दुसऱ्याचे मानेवर घेण्यासाठी नव्हे, असा रमाबाईंनी त्यांना लिहिलेल्या पत्रांचा मथितार्थ आहे. परक्या देशात, ज्यांच्या आश्रयाने निर्वाह चालला होता त्यांनाच हे लिहावयाचे होते. मायदेशी परतण्याची वाटही सोपी उरली नव्हती. तरी 'मला पटले' असा कबुलीजबाब, न पटता, त्यांनी दिला नाही.

अमेरिकेत साहाय्य मिळवून त्या परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. सदन पुण्यास हलल्यावर काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या. सदनात धर्मप्रचार होणार नाही, असे आश्वासन होते. म्हणून रानडे व भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही १८९३ मध्ये अंग काढून घेतले. अनेक पालकांनी मुली नेल्या. रानडे-भांडारकरांची बाजू निराधार नव्हती. रमाबाईंचे म्हणणे एवढेच की, दार उघडे ठेवून आपण प्रार्थना करतो. मुलींना येण्याची सक्ती नाही आणि बंदीही नाही.

कालांतराने त्यांची श्रद्धा स्थिर झाली. तथापि तिथवरची वाट त्यांनी स्वतःच्या पायांनी चालली होती. उत्तरायुष्यात केडगाव येथील मुक्तिसदनात त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर भाषा साध्या बायकांना कळत नाही, असे त्यांस वाटे. त्याकरिता त्या हिब्रू व ग्रीक भाषा शिकल्या. एकेकाळी संस्कृताने कलकत्ता जिंकणाऱ्या पंडितेने आयुष्याच्या अखेरीस संस्कृत शब्द गाळून सोपे मराठी शब्द शोधावे, यात त्यांच्या सर्व जीवनाचे सूत्र दिसते. ऐकीव अर्थावर त्या विसंबल्या नाहीत. मुळाशी जाऊन पाहिले, आणि जे हाती आले ते निरक्षर विधवेलाही कळेल अशा शब्दांत मांडले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी ते भाषांतर पुरे झाले होते.