स्पंद विभाजक

स्पंद विभाजक : ठराविक संख्येने आलेल्या विद्युत् स्पंदांमागे एकच स्पंद पुढे पाठविणारा इलेक्ट्रॉनीय परिपथ. सुटे घटक तारांनी जोडून वापरावयाच्या संगीत संश्लेषकात (मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये) लय व स्वर या दोहोंसाठी तो वापरतात.

त्याचा उगम संगीतात नाही. एकल्स व जॉर्डन यांनी १९१८ मध्ये निर्वात नलिकांचा द्विस्थिर परिपथ सिद्ध केला. १९३२ मध्ये केंब्रिज येथे विन-विल्यम्स यांनी दर दोन स्पंदांमागे एक देणारे टप्पे एकापुढे एक जोडले. आल्फा कण इतक्या जलद येत की यांत्रिक गणकाला ते मोजणे झेपत नसे. हॅमंड कंपनीच्या नोव्हाकॉर्ड (१९३९) या वाद्यात बारा आंदोलकांच्या कंप्रता पुनःपुन्हा निम्म्या करून ७२ स्वर मिळवीत. कंप्रता निम्मी झाली की स्वर एक सप्तक खाली येतो. सेकंदाला दोन-चार स्पंदांवर तीच क्रिया केली की लय निमपट होते.

नुसत्या विभाजनाने मात्र ताल होत नाही. दर चार स्पंदांमागे एक घेतल्यास त्रितालाचे चार विभाग पडतात, पण सम कोणती व खाली कोणती हे परिपथाला सांगता येत नाही. झपतालाचे २, ३, २, ३ हे विभाग तर असमानच. येथे ४०१७ हे दहा निर्गमांचे गणक-मंडल उपयोगी पडते. त्याच्या पहिल्या, तिसऱ्या व आठव्या निर्गमांतून टाळी आणि सहाव्यातून खाली घेतली की झपताल उभा राहतो. आठव्या निर्गमाची तार पुनःस्थापनाच्या टोकाला लावली, तर गणना सातावरच संपते आणि रूपकाचे आवर्तन मिळते. अशी दोन मंडले एकाच स्पंदावर चालविल्यास त्यांच्या समा सत्तर मात्रांनी एकत्र येतात. सर्ज चेरेप्निन यांच्या संचातील चढ-उतार जनकाची जोडणी याहून चतुर आहे. चढ-उतार पुरा होईपर्यंत तो नवे स्पंद दुर्लक्षितो. म्हणून उतार लांबविला की तोच विभाजक बनतो.

मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका रोलँड कंपनीच्या यंत्रांची लय एकमेकांशी जुळवून सिद्ध केली. त्यांतील टीआर-८०८ व टीबी-३०३ यांच्या जोडतारेतून प्रत्येक मात्रेला २४ स्पंद जातात. दर सहांमागे एक घेतला की चौगुण होते. तेथे मूळ स्पंद यंत्राचा आहे. चंद्रपूर व गडचिरोली भागातील झाडीपट्टी रंगभूमीवर ऑर्गन, तबला व ऑक्टोपॅड यांची साथ असते. यातील ऑक्टोपॅड इलेक्ट्रॉनीय असला, तरी त्यावरील आघात वादकाच्या हातचा असतो. पण विभाजकाला काळ कळत नाही, फक्त संख्या कळते. म्हणून असे आघातच स्पंदरूपाने त्याला दिले, तर गायकासाठी वादकाने लय ओढली तरी सातवा आघात सातवाच राहतो.